सातव्या मशीनची जागा

काका गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. तेही कुणी मुद्दाम कळवलं म्हणून नाही. पिशोरकडचा एक सुतार दरवाज्यांची मापं घ्यायला ऑफिसात आला होता, तो चहा पिता पिता म्हणाला, "तुमच्याकडं ते नकाशे काढणारे काका व्हते ना म्याडम, ते वारले बघा सोमवारी. झोपेतच गेले." मी "अरे देवा" की असलंच काहीतरी म्हणाले आणि समोरचा कागद वाचायला लागले. एकच ओळ चार वेळा वाचली. सुतार गेल्यावर दार लावून घेतलं आणि मग रडले. दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि त्यात चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगू म्हटलं की मी टाळत जाते, ही माझी खोड मला आता चांगली माहीत झाली आहे.

नात्यानं ते माझे कुणीच नव्हते. सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, आयटीआय शिकलेले, पिशोरच्या बौद्ध वस्तीतले. मी पुण्याहून आर्किटेक्टची डिग्री आणि पोटभर शहाणपण घेऊन संभाजीनगरला परत आले, तेव्हा मला जुन्या इमारती मोजायला माणूस हवा होता. आमच्या ऑफिसचं कामच तसलं. बंद पडलेला कारखाना, गोदाम, तेलाची गिरणी घ्यायची आणि न पाडता त्यात आजचं काहीतरी सुरू करायचं. कुठं वाचनालय, कुठं दुकानं, कुठं दवाखाना. इमारत कामाला लागली पाहिजे, पण तिचा चेहरा पुसला जाता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की घाम फुटतो.

काकांना 'जुनी इमारत' हा शब्द चालायचा नाही. "जुनी काय? जुनी चप्पल असती. ही पेन्शनर हाय," म्हणायचे. "चाळीस-पन्नास वर्षं नोकरी करून घरी बसली. आता आपण तिला परत कामाला बोलवायलोत. मंग जरा अदबीनं बोला तिच्याशी." आणि नुसतं म्हणायचे नाहीत, वागायचेही तसंच. कुठल्याही बंद कारखान्याच्या दारात आधी चपला काढायचे. आत खिळे, काचा, कबुतरांची घाण, काय वाट्टेल ते असो. मी ओरडायचे, "काका, धनुर्वात होईल!" तर म्हणायचे, "इंजेक्शन घेतलंय." खरंच घेतलेलं असायचं. दर सहा महिन्यांनी स्वतःहून जाऊन घ्यायचे. सहा महिन्यांनी घ्यायची गरज नसते असं डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, तरी ऐकलं नाही.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात लेझरचं मोजायचं यंत्र दिलं. नवं होतं, मला त्याचा भारी अभिमान. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, भिंतीवर लाल ठिपका पाडला, आकडा वाचला आणि म्हणाले, "लांबी तर बरोबर सांगतंय. भिंत दमलीय का नाय, ते सांगतं का?" मी चिडले. मग त्यांनी माझा हात धरून भिंतीला लावला. एका जागी दगड कोरडा होता, हातभर अलीकडं गार आणि दमट. "हितं ती दमलीय," ते म्हणाले. वरचा पन्हाळ फुटलेला निघाला. यंत्र मात्र त्यांनी टाकलं नाही हं, नंतर माझ्यापेक्षा जास्त तेच वापरायचे.

चारचौघांत ते मला 'म्याडम' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे. एकटे असलो की 'पोरी' आणि 'तू'. रागावले की 'बाई'. "बाई, हे काय काढून ठेवलंय?" असं सकाळी सकाळी ऐकू आलं की समजायचं, आज नकाशा परत काढायचा. त्यांचं अक्षर असं सुंदर की महापालिकेतला कारकूनसुद्धा मान्यता द्यायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघत बसायचा. कॉम्प्युटरवर काढलेल्या नकाशाला ते 'छापील' म्हणायचे, आणि अशा आवाजात म्हणायचे की मला तो फाडून टाकावासा वाटायचा.

खुलताबादला एका तेलाच्या गिरणीचं काम होतं. तिथं त्यांनी मला जन्माची अद्दल घडवली. मी वही काढली तर म्हणाले, "वही पिशवीत. आज नुसतं बसायचं." म्हणजे काय? म्हणजे एक घमेलं पालथं घातलं, मला त्यावर बसवलं आणि आपण दुसऱ्या घमेल्यावर बसले. सकाळचे नऊ वाजले होते. बारा वाजले, दोन वाजले. माझी कंबर मोडली. दोनदा भांडले. "मी काय इथं राखणीला आलेय का?" ते आपले कांदा-भाकर खात होते. तीनच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, सकाळपासून त्या आवारातून तीसेक माणसं आरपार गेली होती आणि एकही जण पुढच्या फाटकातून आला नव्हता. सगळे मागच्या पडक्या भिंतीतून येत होते. कारण मागं बाजार, मागं दर्ग्याची वाट. मी तसं म्हणाले तर काकांनी शांतपणे हात धुतले. "आता काढ वही," म्हणाले. "भिंती मालकाच्या असत्यात पोरी, वहिवाट लोकाची असती." आम्ही नवीन दुकानांचं दार त्या पडक्या जागी काढलं. ती दुकानं आजही भरलेली असतात. माझ्या नावावर आहे ते काम. फोटो आले, भाषणं झाली. भाषणात मी काकांचं नाव घेतलं होतं. ते समोर बसून पेंगत होते.

आणखी एक मालक होता, लोखंडी शेडचं हॉटेल करायला निघालेला. त्यानं आम्हाला न विचारता भिंतीवर बैलगाडीची चाकं टांगली, कंदील टांगले, एक सुपली टांगली. काका बघायला आले. एकेका चाकापुढं उभे राहिले. मग हात मागं बांधून मालकाला म्हणाले, "साहेब, हा पत्र्याच्या डब्याचा कारखाना व्हता. हितं चाक भिंतीला कुणी टांगलं व्हतं? आन सुपली? डबे पाखडत व्हते का?" मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले. काम गेलं आमच्या हातचं. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "त्याला कारखाना नको व्हता, जत्रा पायजे व्हती," एवढंच म्हणाले.

साइटवर चहा आला की आधी गवंड्याला, मग बिगाऱ्याला, मग मजूर बायांना, आणि शेवटचा कप स्वतः. मालक उभा असला तरी हाच क्रम. कुणी क्रम चुकवला की ते चहाच घ्यायचे नाहीत. हे सगळं कुठून आलं असेल, असं मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

दर शनिवारी दुपारी दोनला ते ऑफिसातून निघायचे, एसटीनं पिशोर गाठायचे आणि सोमवारी सकाळी हजर. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. पिशोरला त्यांची माय होती, नव्वदीच्या अलीकडं-पलीकडं. पुतणी बघायची तिला. मायचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी गेली कालचा-आजचा हिशेब ठेवायची सवय, मग माणसांची नावं. आणि एका शनिवारी काका घरात शिरले तर ती उठून उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "या सायेब, बसा." स्वतःच्या पोटच्या पोराला! त्या दिवसापासून ते तिचे 'सायेब' झाले. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर चष्मा पुसत बसले.

अशातच ती जिनिंग आमच्याकडं आली. जिनिंग म्हणजे कपाशीतून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. रेल्वे लाइनीच्या अलीकडं, काळ्या दगडाची लांबच लांब इमारत, वर कौलं, कौलांचा भार तोलणाऱ्या सागवानी कैच्या, एका बाजूला ओळीनं बारा खिडक्या. मी शाळेत असतानाच बंद पडलेली. मशीनं भंगारात जाऊन जमाना झाला होता. मालकाचा नातू, म्हणजे आताचा मालक, भला माणूस होता. त्याला तिथं कार्यक्रमांचा हॉल, एक कॅफे आणि पोरापोरींना बसून काम करायला जागा करायची होती. "पाडायचं नाही, ताई," असं तोच आधी म्हणाला. मी खुशीत होते. आमचं दौलताबादला शेत आहे, आणि माझे आजोबा याच जिनिंगला कपाशीच्या गाड्या आणायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आलेले.

काका मात्र महिनाभर गप्प. चपला काढायचे, आत जायचे, मोजायचे, यायचे. एकदाही 'पेन्शनर' म्हणाले नाहीत. मला वाटलं, वय झालं, दमले असतील.

मग आम्ही आतली फरशी धुऊन काढली. बोटभर जाड धूळ, सरकीचं तेल आणि कबुतरांची घाण मिळून नुसतं काळं कातडं झालं होतं तिचं. धुतल्यावर खाली शहाबादी फरशी निघाली, आणि प्रत्येक खिडकीसमोरच्या फरशीत दोन दोन खळगे. पावलांएवढे. शेजारी शेजारी. मशीनपुढं उभं राहून बाया कपाशी घालायच्या. अनवाणी, दिवसचे दिवस, वर्षानुवर्षं, एकीमागून दुसरी. त्यांच्या पायांनी दगड झिजला होता. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. इतकी वर्षं हे काम करतेय, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

काका दाराकडून खिडक्या मोजत चालत गेले. सातव्या खिडकीशी थांबले आणि त्या खळग्यांत पाय ठेवून उभे राहिले. त्यांचे पाय मोठे, मावले नाहीत. "डावा खोल हाय," म्हणाले. "उजव्या हातानं कपाशी सारायची, तर सगळा भार डाव्या पायावर." मग मागं वळून एका खांबाकडं बोट केलं. "आन तिथं माझी झोळी बांधायची. माय हितं उभी राहायची, सातव्या मशीनवर. मी रडलो की मागं न बघता पाय लांब करून झोळीला झोका द्यायची. मशीन सोडता येत नव्हतं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "आमचे आजोबा इथंच कपाशी आणायचे, काका."

"मंग तुमची कपाशी माझ्या मायच्या हाताखालनं गेली म्हणायची," ते हसून म्हणाले. "पण तुमच्या गाड्या पुढच्या फाटकानं. बाया मागच्या बुटक्या दारानं. जाताना झडती." त्यात टोमणा नव्हता. तरी माझी मान खाली गेली.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं. "मायला आणतो एकदा. डोकं इसरलंय तिचं, पाय नाय इसरले. हापसा बंद होऊन दहा वर्षं झाली, अजून सकाळी उठून हापशाच्या जागंवर जाऊन उभी राहती. हितं तिच्या जागंवर उभी केली ना, तर मला वळखंल ती. नावानं हाक मारंल बघ."

आणि मी नाही म्हणाले. वर कैच्या उघड्या, खाली खड्डे, नव्वदीची बाई, काही झालं तर कोण जबाबदार? मी नियम सांगितले. "काम झालं की आणा ना काका. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आणा, निवांत. कुणी नसेल." त्यांनी आणखी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी "बरं" म्हणाले. बरोबरच होतं माझं, कुणीही हेच म्हणालं असतं. पण ज्याच्याकडं वेळ नव्हता त्याला मी थांबायला सांगत होते, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

खळगे तसेच उघडे ठेवायचे ठरलं. मालक म्हणाला, वरून काच टाकू, खालून दिवा लावू. काका म्हणाले, "पायाची जागा हाय साहेब. पायानंच बघू द्या." मालकानं लगेच ऐकलं. पण फरशीखालून वायरी आणि पाण्याचा निचरा न्यायचा होता, त्यामुळं सगळ्या फरश्या एकदा उचलून परत बसवणं भाग होतं. काकांनी एकेका फरशीच्या कडेला बारीक आकडा घातला, नकाशावर तोच आकडा घातला. चार दिवस गुडघ्यांवर बसून. ठेकेदाराला सूचनापत्र मी लिहिलं. 'जुन्याच फरश्या वापराव्यात. एकही बदलू नये. प्रत्येक फरशी तिच्या क्रमांकानुसार मूळ जागीच बसवावी.' मला ते पत्र फार चोख वाटलं होतं.

फरश्या बसवायच्या आठवड्यात पिशोरहून फोन आला, माय न्हाणीत पडली. हाड मोडलं नव्हतं, पण अंथरूण धरलं होतं. काका तसेच निघाले. निघताना मला म्हणाले, "पोरी, फरशी बसवताना तू हितं उभी राहा. दिवसभर. गवंडी चांगला हाय, पण उभी राहा."

"राहते ना काका, तुम्ही जा," मी म्हणाले.

नाही राहिले. ते दोन दिवस मी मालकाबरोबर हॉलचे दिवे निवडत हिंडत होते. पितळी की काळे, गोल की लांबट. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. गवंडी दारातच भेटला, साठीचा, हात चुन्या-सिमेंटनं फुटलेले, चेहरा आनंदानं फुललेला. "बघा म्याडम. एक फरशी बदलली नाय. एकीचा टवका उडवला नाय. नंबरवारी सगळ्या जिथल्या तिथं. अशा झिजल्या व्हत्या, खड्डं पडलं व्हतं नुसतं, म्हणून समद्या पालथ्या मारल्या. खालचं अंग बघा कसं कोरं निघालं!"

मी बघितलं. बारा खिडक्यांसमोर बारा सपाट फरश्या. आरशासारख्या. त्यावरून पॉलिशचा एक हातही फिरवून झाला होता.

त्या माणसाचं काहीही चुकलं नव्हतं. झिजलेली फरशी पालथी घालायची, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं असणार. काटकसरीचं, इमानदारीचं काम. आणि माझ्या त्या चोख पत्रात कुठली बाजू वर ठेवायची, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिथं उभी असते तर पहिल्याच फरशीला ओरडले असते. मी त्याला विचारलं, "परत निघतील का?" तो गोंधळला. "निघतील की. पण सिमेंटात बसल्यात आता, तुकडं व्हतील. का म्याडम, काय कमी राहिलं का?" मी म्हणाले, "नाही. छान झालंय." गाडीत येऊन बसले आणि पाऊण तास चावी फिरवली नाही.

त्याच संध्याकाळी काकांना फोन करायचा होता मला. त्यांचाच आला. "जय भीम पोरी. माय आज उठून बसली." आवाजात इतका आनंद होता की मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या फोन आला, "दोन घास जास्त खाल्लं आज." परवा आला, "तिला सांगितलं, आपल्याला जिनिंगात जायचंय. तर मला म्हणती, सायेब, झडतीवाली बाई अजून हाय का? लई खाष्ट व्हती." खळखळून हसले. मीही हसले. रोज फोन यायचा, रोज मी ठरवायचे, रोज गिळून टाकायचे. मनाची समजूत घालायचे, ते आधी एकटे येतील, तेव्हा समोरासमोर सांगू. फोनवर असलं सांगतं का कुणी? असे आठ दिवस गेले. भित्रेपणाला माणूस किती शहाणी कारणं शोधतो!

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी ते आले ते मायला घेऊनच आले. पिशोरहून जीप करून. एवढीशी बाई, पांढरंशुभ्र लुगडं, कपाळ मोकळं, हातात काठी. जीप पुढच्या फाटकाशी थांबली. मी पुढं झाले, "काका, एक मिनिट इकडे या ना, मला जरा..." ते ऐकेचनात. "आधी मायला आत नेतो, मंग बोलू." पण माय फाटकातून आत यायला तयार होईना. "हिकडनं नाय सायेब," म्हणाली, "हिकडनं गाड्या जात्यात." आणि भिंतीला हात लावत लावत आपण होऊन मागं निघाली. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. लहान पोरानं बक्षीस मिळाल्यावर आईकडं बघावं तसं.

मागचं दार आम्ही ठेवलं होतं. तिथं ती वाकली आणि आत शिरली. एक क्षण थांबली. मग भिंतीकडेनं चालायला लागली, खिडकीमागून खिडकी, ओठ हलवत. मोजत होती. काका तिच्या मागं. सातव्या खिडकीपाशी ती वळली, बरोबर जागेवर. काठी भिंतीला टेकवली. चपला काढल्या आणि डावा पाय पुढं केला.

तो पाय खळगा शोधत होता. थोडा इकडे, थोडा तिकडे, मग मागं. अंगठ्यानं दगड चाचपून बघत होती. पॉलिशवरून पाय सटकायचा, ती परत ठेवायची. मग उजव्या पायानं बघितलं. किती वेळ गेला देव जाणे. मी तेव्हा बोलायला हवं होतं, किमान तेव्हा तरी.

काकांनी खाली बघितलं. मग सावकाश उकिडवे बसले, फरशीवर हात फिरवला, दोन फरश्यांमधल्या सांध्यात नख घालून बघितलं. सांध्याच्या फटीतून कडेचा त्यांनीच घातलेला आकडा बघितला, उलटा झालेला. ज्यानं आयुष्यभर भिंती हातानं वाचल्या, त्याला आणखी काय सांगावं लागणार? उठताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

"ही माझी जागा नाय सायेब," माय म्हणाली. आवाजात भीती होती. कामावर उशीर झालेल्या बाईची असावी तशी. "तुम्ही मला दुसरीकडंच आणलं."

"व्हय माय," काका म्हणाले. वाकून त्यांनी तिच्या चपला तिच्या पायांत घातल्या. "चुकलं माझं. ही ती जिनिंग नाय. ती पाडली."

"पाडली?" ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "कवा पाडली, सायेब?"

काकांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. तिची काठी उचलून तिच्या हातात दिली.

"आठ दिस झाले, माय," ते म्हणाले.